एसीएल तुटल्यावर गुडघ्याचं पुढचं नुकसान नेमकं कशाने होतं?

पायवाट:
माझं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं पुढचं क्रूसाकृती लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा), दोन वर्षांपूर्वी खेळताना तुटलं. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. शस्त्रक्रिया केली नाही, आठ महिने नेटाने व्यायाम केला. आज चढउतार, सायकल, धावणं सगळं जमतं. वळणावळणाचे खेळ मात्र सोडून दिले. तरी भेटेल तो एकच सांगतो, "ऑपरेशन लांबवतोयस, गुडघा झिजवून घेशील."

मला हे पटत नाही. कॅलेंडरवर महिने उलटल्याने गुडघा बिघडत नाही, तो बिघडतो दर वेळी निसटल्याने, म्हणजे भार पडताच अचानक दगा देण्याने. एसीएल नसलं की नडगीचं हाड पुढे सरकू पाहतं, आणि आतल्या बाजूच्या मेनिस्कसचा (दोन हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या गादीचा) मागचा भाग चाकाखालच्या पाचरीसारखा त्याला अडवतो. पाचरीवर पुन्हा पुन्हा धक्के बसले की ती फाटते. गुडघा निसटतच नसेल तर धक्का बसायचा कुठून?

स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१० आणि २०१३ मध्ये आले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटातल्या ५९ जणांना आधी व्यायाम दिले आणि गरज वाटली तर नंतर शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. पाच वर्षांनी त्या ५९ पैकी ३० जणांनी ती करून घेतली होती, २९ जणांनी नाही. दुखणं, हालचाल, एक्स-रेमधली झीज, कशातही दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग सगळ्यांना सरसकट घाई कशासाठी?

मधली_फळी:
तुमचा गुडघा सावरला याचा आनंद आहे, पण तुमच्यासारखंच बोलून मी चौदा महिने काढले. पहिल्या एमआरआयमध्ये फक्त लिगामेंट तुटलेलं होतं, दोन्ही मेनिस्कस शाबूत. मधल्या काळात पाच-सहा वेळा गुडघा निसटला. एकदा जिना उतरताना, एकदा नुसतं मागे वळून कोणाला हाक मारताना. शेवटी शस्त्रक्रिया झाली तेव्हा आतला मेनिस्कस बादलीच्या कडीसारखा फाटून सांध्यात उलटला होता. टाके घालण्याजोगा राहिला नव्हता, बराचसा भाग काढावा लागला. लिगामेंट नवं बसवता येतं हो, मेनिस्कस कुठून आणायचा?

त्याच स्वीडिश चाचणीतलं एक तुम्ही सांगितलं नाहीत. वाट पाहणाऱ्या गटात मेनिस्कसवरच्या शस्त्रक्रिया जास्त झाल्या.

पायवाट:
बरोबर आहे, ते मी सांगायला हवं होतं. तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. पण तुम्हीच लिहिलंय की गुडघा पाच-सहा वेळा निसटला. मी म्हणतो ते हेच. पहिल्या-दुसऱ्या वेळेलाच निर्णय बदलायचा होता. दोष वाट पाहण्याचा नाही, निसटत्या गुडघ्याने वाट पाहण्याचा आहे.

मधली_फळी:
आता मागे वळून हे सोपं वाटतं. त्या वेळी माणूस स्वतःची समजूत घालतो की पाय वाकडा पडला असेल, फरशी ओली असेल. दोन दिवस सूज येते, उतरते, कामाला लागतो. कोणी मोजत बसत नाही. सरसकट नियमाची बाजू मी त्यासाठीच घेतो. शिस्तीच्या माणसाला तुमचा मार्ग चालेल, पण सल्ला सगळ्यांना द्यायचा असतो.

सांधेजोड:
फिजिओथेरपिस्ट म्हणून लिहितो. तुम्ही दोघेही शस्त्रक्रियेच्या तारखेभोवती फिरताय. झिजेचा सर्वात ठळक धोका मेनिस्कस गमावण्याचा आहे, यात आमच्या क्षेत्रात वाद नाही. मेनिस्कस काढल्यावर सांध्यात होणारे बदल एक्स-रेवर १९४८ सालीच नोंदवले गेले होते. त्याखालोखाल वजन, मांडीच्या पुढच्या स्नायूचा अशक्तपणा, आणि पहिल्याच दिवशी कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, बसलेला मार. लिगामेंट तुटतं तेव्हा हाडं एकमेकांवर आदळतात. बहुतेकांच्या एमआरआयमध्ये हाडाला आतून मुका मार दिसतो. तो मार कोणतीही शस्त्रक्रिया पुसत नाही. म्हणून उत्तम शस्त्रक्रिया होऊनही पंधरा-वीस वर्षांनी अनेकांना झीज दिसते. "ऑपरेशन केलं, आता गुडघा वाचला" हे वाक्य मला फार वेळा ऐकावं लागतं, आणि दर वेळी खोडावं लागतं.

मधली_फळी:
मग करूच नये असं म्हणायचंय का?

सांधेजोड:
अजिबात नाही. गुडघा निसटत असेल तर करावीच. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ३१६ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. दुखापत जुनी आणि गुडघा अजूनही अस्थिर, असे ते रुग्ण होते. त्यांत शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. नुकत्याच तुटलेल्या लिगामेंटचा प्रश्न वेगळा आणि वर्षभर निसटत असलेल्या गुडघ्याचा वेगळा. या धाग्यात दोन्हींची सरमिसळ होतेय.

पुन्हा_मैदान:
एक बाजू राहिली, ती मी भोगली आहे. शस्त्रक्रिया लवकर झाली, सहाव्या महिन्यात पाय अगदी मोकळा वाटायला लागला आणि मी खेळायला उतरलो. तिसऱ्याच सामन्यात तोच गुडघा पुन्हा गेला, या वेळी मेनिस्कससकट. नंतर कळलं की शस्त्रक्रिया झालेल्या १०६ खेळाडूंचा एक अभ्यास आहे, २०१६ चा. त्यात नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका महिन्यागणिक साधारण निम्म्याने उतरत गेला. ताकद आणि उड्यांच्या चाचण्या पार करून परतलेल्यांपैकी ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, न करता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांना. माझी एकही चाचणी झाली नव्हती. दुखत नाही म्हणजे बरं झालं, एवढंच धरून मी चाललो होतो.

काळजीवाहू_आई:
माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिचं एसीएल तुटलंय. पायवाट, तुमचा मुद्दा मोठ्यांसाठी ठीक असेल. ही मुलगी घरात सुद्धा चालत नाही, पळते. तिला "वळू नकोस, उडी मारू नकोस" किती दिवस सांगू? वाढीच्या वयात हाडांच्या टोकाच्या वाढपट्ट्यांना धक्का नको म्हणून पूर्वी थांबायला सांगत. आता त्यांना जपणाऱ्या पद्धती आहेत, असं आमच्या डॉक्टरांनी समजावलं. आणि थांबलेल्या मुलांमध्ये मेनिस्कस फाटण्याचं प्रमाण वाढतं, हेही सांगितलं. आम्ही थांबणार नाही.

पायवाट:
ताई, इथे मी तुमच्याशी वाद घालणार नाही. मी माझ्या वयाचा आणि मी सोडलेल्या खेळांचा विचार करून लिहिलं होतं. पंधराव्या वर्षी मीही खेळ सोडला नसता. शीर्षकाखाली "प्रौढांसाठी" असं लिहायला हवं होतं.

सांधेजोड:
ताई, निर्णय योग्य वाटतो. फक्त शस्त्रक्रियेच्या आधी सूज उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे. आखडलेल्या गुडघ्यावर घाई केली तर तो नंतरही आखडून राहू शकतो. आणि परतीची घाई करू नका. लहान वयात दुसऱ्यांदा लिगामेंट तुटण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो, आणि तो दुसऱ्या पायालाही असतो.

मधली_फळी:
पायवाट, माझं मत अजून तेच आहे, पण एक विचारतो. तुमचा गुडघा उद्या एकदा निसटला तर काय कराल?

पायवाट:
तारीख लिहून ठेवीन आणि त्याच आठवड्यात तपासून घेईन. दुसऱ्यांदा निसटला तर शस्त्रक्रिया. आणि गुडघा मध्येच अडकला, सरळच होईना, तर एकदाचीही वाट पाहणार नाही. मेनिस्कसचा तुकडा अडकला असेल तर टाके घालण्याची संधी दिवसागणिक कमी होत जाते.

मधली_फळी:
मला कोणी तेव्हा ही वही ठेवायला सांगितली असती तर दुसऱ्याच नोंदीला मी थांबलो असतो. तरीही मी लवकर शस्त्रक्रियेच्याच बाजूचा.