गरोदरपणातील किरकोळ दुखणी आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे

प्रश्न :
मला पाचवा महिना सुरू असून आतापर्यंतच्या सर्व तपासण्या व्यवस्थित आल्या आहेत. मात्र डोकेदुखी, छातीतील जळजळ, बद्धकोष्ठता आणि अधूनमधून होणारी सर्दी यांनी जीव मेटाकुटीला येतो. एवढ्यातेवढ्यासाठी डॉक्टरांना फोन करण्याचा संकोच वाटतो. पूर्वी डोके दुखले की मी आयबुप्रोफेन घेत असे. ते आता चालेल का? इतर तक्रारींवर काय घेता येईल?

प्रतिसाद १ :
आयबुप्रोफेन कृपया घेऊ नका. विसाव्या आठवड्यापासून या गटातील औषधांमुळे बाळाच्या मूत्रपिंडांच्या कार्यावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 मध्ये दिला असून आपण त्याच टप्प्यावर आहात. तिसाव्या आठवड्याच्या सुमारास आणखी एक धोका वाढतो, तो म्हणजे बाळाच्या हृदयाजवळची, एरवी जन्मानंतर मिटणारी रक्तवाहिनी वेळेआधीच आकसण्याचा. डायक्लोफेनॅक आणि नॅप्रोक्सेन याच गटातील आहेत. डॉक्टरांनी कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन सुरू केले असेल, तर ते मात्र स्वतःहून बंद करू नये.

ताप आणि वेदना यांवर सहसा पहिली पसंती पॅरासिटामॉलला दिली जाते. एका वेळी 500 मिलिग्रॅम ते 1 ग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर आणि चोवीस तासांत 4 ग्रॅमपेक्षा अधिक नाही, ही प्रौढांसाठीची नेहमीची मर्यादा आहे; वजन कमी असल्यास किंवा यकृताचा विकार असल्यास ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, एवढे पथ्य पाळावे. औषधाच्या भीतीने ताप अंगावर काढणेही योग्य नाही.

प्रतिसाद २ :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण माझ्या मते खरी फसगत सर्दीच्या मिश्र गोळ्यांत होते. एकाच गोळीत पॅरासिटामॉल, नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन आणि अ‍ॅलर्जीवरील एखादे औषध असते. वर तापासाठी वेगळी गोळी घेतली की पॅरासिटामॉल नकळत दुप्पट होते. शिवाय फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे रक्तदाब वाढलेला असेल तर ते अधिकच नको. साध्या सर्दीला मिठाच्या पाण्याचे नाकातील थेंब पुष्कळदा पुरतात.

जळजळीसाठी कॅल्शियम कार्बोनेट किंवा अल्जिनेट असलेले अँटासिड सर्वसाधारणपणे चालते. खाण्याचा सोडा टाळावा, कारण त्यातून सोडियम फार जाते. अँटासिड आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषले जात नाही. बद्धकोष्ठतेला तीच लोहाची गोळी कारण असू शकते. त्यावर भरपूर पाण्यासोबत इसबगोल किंवा लॅक्टुलोज घेता येते. एरंडेल मात्र नको, त्याने गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. घरातील पाकीट आता नीट वाचले, तर पॅरासिटामॉलसोबत कॅफिनही आहे. ते चालेल का?

प्रतिसाद १ :
ते बाजूला ठेवून केवळ पॅरासिटामॉल असलेली गोळी घ्यावी. गरोदरपणात दिवसभरात 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये, असे सांगितले जाते आणि त्यात चहा, कॉफी व गोळ्या या सर्वांतील कॅफिन मोजावे लागते.

डोकेदुखीबाबत एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. विसाव्या आठवड्यानंतर डोके तीव्र दुखत असेल, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमक येत असेल, बरगड्यांखाली दुखत असेल अथवा चेहरा व हात अचानक सुजले असतील, तर गोळी घेऊन वाट पाहू नका. रक्तदाब त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर तपासला गेला पाहिजे. अशा वेळी फोन करताना संकोच बाळगू नये. पॅरासिटामॉलने न उतरणाऱ्या 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापालाही हेच लागू आहे.