अनुभव धागा: स्क्रीनवरच्या खोट्या मेसेजमुळे घरच्या कॉम्प्युटरच्या फाईली लॉक झाल्या का?

धागाकर्ता, नागपूर
ओळखीतल्या बऱ्याच घरांतून हल्ली एकच ऐकून राहिलो, पीसीवर चौकट आली, 'अपडेट करा' नाहीतर 'व्हायरस सापडला', क्लिक केलं आणि मग एकही फाईल उघडेना. रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून सोडवायला पैसे मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर, म्हटलं की लोकांना २०१७ चं वॉनाक्राय आठवते, पण ते विंडोजमधल्या त्रुटीतून आपोआप पसरलं, कोणी क्लिक करायची गरजच नव्हती. या चौकटी आपल्याच हातानं फाईल चालवून घेतात. तुमच्या किंवा शेजारच्या घरी नेमकं काय दिसलं ते लिहा, बारीकसारीक पण लिहा, त्यानंच दुसरा बचावतो.

प्रतापनगरची
मावसभावाचं सांगते. प्रोजेक्टसाठी महागडं सॉफ्टवेअर फुकटात पाहिजे म्हणून क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरटी आवृत्ती, शोधत गेला, पानावर एकावर एक पॉपअप, शेवटी झिप फाईल आली, अँटीव्हायरस बंद करून चालवा असं तिथंच लिहून होतं आणि त्यानं तसंच केलं. मग विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्के सरकून राहिले, हा चहा पीत बसला. ती खिडकीच खोटी, तिच्यामागे फाईली लॉक होऊन राहिल्या होत्या! प्रत्येक फोटोच्या नावापुढे चार अक्षरांचं शेपूट अन् फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठीसारखी फाईल, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोललात तर ४९०. स्टॉप डीजेव्हीयू म्हणतात याला. आजीचे सगळे फोटो त्यातच होते, मावशी त्या दिवशी जेवली नाही.

बर्डीवाला दादा
ताई, पैसे भरू नका अन् लगेच फॉरमॅटही मारू नका. मी बर्डीवर दुरुस्तीचंच काम करतो, घाईत फॉरमॅट करून आलेले लोक पाहिले की जीव तुटते. लॉक झालेल्या फाईली दुसऱ्या डिस्कवर ठेवा. नो मोअर रॅन्सम ही साइट युरोपोल (युरोपची पोलिस संस्था), डच पोलिस वगैरेंनी २०१६ मध्ये सुरू केली, फाईल टाकली की प्रकार कळते आणि त्याचं कुलूप खोलायचं टूल असलं तर फुकट मिळते. डीजेव्हीयूला नेट मिळालं तर ते प्रत्येक मशीनसाठी त्यांच्या सर्व्हरवरून वेगळी चावी (फाईली लॉक करायचा अन् खोलायचा गुप्त कोड) आणते, मग अवघड. सर्व्हर लागला नाही तर आतली ठरावीक चावी वापरते. रीडमीत खाली पर्सनल आयडी असते, तिचा शेवट टी१ असला तर ती ठरावीक चावी वापरली, म्हणजे आशा आहे. आणि भावाचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, याच्यासोबत पासवर्ड चोरणारं पण येते बऱ्याचदा.

फ्लॅश अपडेट करा म्हणणारी चौकट तर सरळ खोटी, फ्लॅश, ब्राउझरमध्ये व्हिडिओ-गेम चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, ३१ डिसेंबर २०२० लाच बंद झालं.

प्रतापनगरची
दादा पाहिलं, टी१ नाही :( फाईली ठेवल्यात तरी जपून.

महालची सून
आमच्या बाबांच्या लॅपटॉपवर लाल स्क्रीन, भोंग्यासारखा आवाज, खाली फोन नंबर अन् 'कॉम्प्युटर बंद करू नका'. बाबा म्हणजे माझे सासरे, घामाघूम. पोरानं एस्केप दाबून धरलं तशी स्क्रीन लहान झाली, मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद केला. फाईली सगळ्या जागच्या जागी, ते नुसतं वेबपान होतं! मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर नसतो बाप्पा. त्या नंबरावर बोललो असतो तर रिमोटचं, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर चालवायचं, अ‍ॅप टाकायला लावलं असतं.

मानेवाडा
आमच्या शेजारी भाऊंकडे बॅकअपची डिस्क होती, पण ती कायम पीसीलाच लावून असायची, तर तीही लॉक झाली. वहिनींनी कपाटात ठेवलेली जुनी डिस्क तेवढी वाचली, लग्नाचे फोटो त्यातून निघाले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, रीडमीचा फोटो पण जोडला. आता क्रोममध्ये 'अपडेट करा' आलं की भाऊ कुठंच क्लिक करत नाहीत, वरच्या तीन टिंबांतून हेल्पमध्ये जाऊन स्वतः पाहतात.