३१ वा आठवडा: बाळंतपणाला चिपळूणला जाऊ की परळलाच थांबू?

लालबागकरीण

नमस्कार मंडळी. पहिलंच बाळंतपण आहे, ३१ वा आठवडा चालू आहे. तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली दिली आहे, म्हणजे ऐन पावसात. घरात रोज हाच विषय निघतो आणि काही ठरत नाहीये, म्हणून इथे विचारते.

माहेर चिपळूण. आईचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. सातव्या महिन्यात ओटी भरायला आली तेव्हाच ती मला घेऊन जायला निघाली होती. तिला इकडे येऊन राहता येत नाही, कारण आजी गेल्या वर्षापासून अंथरुणाला खिळून आहे आणि तिचं सगळं आईच करते. इकडे सासूबाई आहेत, मायेने करतात, पण त्यांचे गुडघे पार गेलेत. आमची तीन मजली चाळ, आम्ही सगळ्यात वर, लिफ्ट नाही. नवऱ्याला आठवड्याआड रात्रपाळी.

आणि संडास गॅलरीच्या टोकाला. हल्ली रात्री सारखं उठावं लागतं. पाऊस सुरू झाल्यापासून गॅलरीतली फरशी ओली असते, दोरीवरच्या कपड्यांचं पाणी टपटपत असतं, आणि मी एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी घेऊन चालते. पोटामुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत. नवरा घरी असला की सोबत येतो. नसला की सासूबाई दारात उभ्या राहतात, मी परत येईपर्यंत आत जात नाहीत.

तब्येतीचं सांगायचं तर नाव परळला वाडिया हॉस्पिटलात घातलंय. दर पंधरा दिवसांनी बोलावतात. बीपी ११८/७६. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी घेतलेली साखर ११८ आली. हिमोग्लोबिन ९.६ आहे, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चालू आहे. रक्तगट माझा बी निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह, त्यामुळे २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन झालंय (बाळाचा गट पॉझिटिव्ह असला तर माझ्या शरीराने त्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनवू नयेत म्हणून देतात ते). सोनोग्राफीत वजन आणि पाणी चांगलं आहे, वार (प्लासेंटा) वरच्या बाजूला आहे, फक्त बाळ पायाळू आहे. हे ऐकल्यापासून आई म्हणते आहे की गावात एक बाई पोट चोळून बाळ फिरवते, तू ये, आपण तिला बोलावू.

ऑफिस फोर्टला. करी रोडवरून गाडी पकडते. सुट्टी शक्यतो ३६ व्या आठवड्यापासून घ्यायची आहे, म्हणजे बाळाजवळ जास्त दिवस मिळतील.

जायचं तर कधी आणि कसं? थांबायचं तर रात्री मी आणि सासूबाई दोघीच असताना कळा सुरू झाल्या तर काय करायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी मनापासून सांगा.

---

रत्नागिरीची_माहेरवाशीण

मी माहेरी गेले होते आणि पुन्हा वेळ आली तरी जाईन. आईच्या हातचं गरम जेवण, बाळ रात्री रडलं की घ्यायला चार हात, याला तोड नाही. तेव्हा आईचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नकोस.

पण जायचं ठरलं तर रेल्वेनेच जा, गाडी करून मुळीच नको. पनवेलच्या पुढचे खड्डे आणि पावसात परशुराम घाट, या अवस्थेत नकोच. मांडवी एक्स्प्रेसला खालचा बर्थ मिळाला तर आडवं होऊन जाता येतं. गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, डॉक्टरांचा दाखला घेऊन खिडकीवर जायचं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू चालतात आणि दरड आली तर अडकून पडतात, म्हणून डब्यात जेवण आणि औषधं जास्तीची ठेव. ३४ व्या आठवड्याच्या पुढे ढकलू नकोस. तिथल्या डॉक्टरांना निदान दोन-तीनदा तरी तुला तपासायला मिळायला हवं. कळा घेऊनच पहिल्यांदा त्यांच्यासमोर जायचं, असं होऊ देऊ नकोस.

---

सिस्टर_निवृत्त

बाळा, मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात नोकरी केली, लेबर रूममध्येच जास्त. तुझं सगळं वाचलं. तू चाळ, जिना, गाडी यांची काळजी करते आहेस ती खरी आहे, पण माझी नजर गेली ती दोन गोष्टींवर: हिमोग्लोबिन ९.६ आणि रक्तगट बी निगेटिव्ह. या दोन्ही एकत्र आहेत, म्हणून माझं मत सांगते. बाळंतपण परळलाच कर.

कारण ऐक. बाळंतपणात थोडं रक्त प्रत्येकीचं जातं. जिचं हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे तिला ते सोसतं. ९.६ वर तेवढंच रक्त गेलं तरी बाई कोमेजते, आणि थोडं जास्त गेलं तर वरून रक्त चढवायची वेळ येते. निगेटिव्ह गटाचे लोक आपल्याकडे फार कमी, त्यामुळे ती पिशवी कुठेही पटकन हाताशी नसते. तुझ्या घरापासून वाडिया आणि केईएम हाकेच्या अंतरावर आहेत. परळ भागात रक्तपेढ्या आहेत, रात्री तीन वाजताही धावपळ करता येते. चिपळूणला चांगले डॉक्टर आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण ऐन ऑगस्टच्या पावसात बी निगेटिव्ह रक्त बाहेरून मागवायची पाळी यावी, असं मला तुझ्यासाठी नको वाटतं.

आता त्यापेक्षा महत्त्वाचं. बाहेरून मिळायला कठीण असं रक्त तुझ्या अंगात आहे, तर ते वाढवायचं, बाहेरून आणायची गरजच पडू नये असं करायचं. अजून वेळ आहे. लोहाची गोळी कशाबरोबर घेतेस? चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेत असशील तर तिचा बराचसा भाग वाया जातो. दोन्ही गोळ्यांत दोन तासांचं तरी अंतर हवं. लोहाची गोळी लिंबू-पाण्याबरोबर घे, आणि चहा पुढेमागे तासभर नको. शौचाला काळं होईल, त्याला घाबरून गोळी बंद करू नकोस. बद्धकोष्ठ झालं तर डॉक्टरांकडून औषध बदलून घे, पण खंड पडू देऊ नकोस. ३४ व्या आठवड्यात हिमोग्लोबिन पुन्हा तपासायला सांग. वाढलं नसेल तर सलाईनमधून लोह देतात, ते देता येईल का हे तूच विचार. गर्दीच्या ओपीडीत विचारणाऱ्या बाईला उत्तर मिळतं, गप्प बसणारी तशीच घरी जाते. हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलेलं आहे.

अँटी-डीचं: २८ व्या आठवड्यातलं इंजेक्शन झालं, छान. पण काम संपलं नाही. बाळ जन्मलं की नाळेतलं रक्त घेऊन त्याचा गट बघतात. तो पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत तुला पुन्हा अँटी-डी लागतं. हे फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेव आणि नवऱ्याला पाठ करायला लाव. आणि त्या ओल्या गॅलरीत पाय घसरला, पोटावर आपटलीस किंवा अंगावरून थोडंसंही रक्त गेलं, तर दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही. निगेटिव्ह गटाच्या बाईने त्याच दिवशी दाखवायचं.

पायाळूची चिंता सध्या सोड. ३१ व्या आठवड्यात बरीच बाळं तशी असतात आणि आपली आपण फिरतात. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच पायाळू राहतात. ३६ व्या आठवड्याला पुन्हा बघतील. नाहीच फिरलं तर पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण पोट चोळून घ्यायचं नाही म्हणजे नाही. वार सुटू शकते, रक्तस्राव होऊ शकतो, आणि तुझ्या बाबतीत तर बाळाचं रक्त तुझ्या रक्तात मिसळण्याचा धोका वेगळाच. आईला माझं नाव सांगून नाही म्हण.

आता रात्रीचं. नवऱ्याची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात १०८ नंबर सासूबाईंच्या फोनमध्येही घालून ठेव. शेजारच्या दोन घरांना आत्ताच सांगून ठेव, कळा आल्यावर नाही. दर पाच मिनिटांनी कळ येते, मिनिटभर टिकते आणि तासभर तसंच चाललंय, तर निघायचं. पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर कळांची वाट बघायची नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांसमोर काजवे, बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, यांतलं काहीही झालं तरी रात्रच्या रात्री जायचं. आज बीपी चांगलं आहे, पण ते शेवटच्या महिन्यातही चढू शकतं, म्हणून ३६ नंतरची दर आठवड्याची तपासणी एकही चुकवायची नाही.

आणि रोज जेवण झालं की डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोज. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. बहुतेक वेळा त्याच्या खूप आधी दहा होतात. नाही झाले, किंवा रोजच्यापेक्षा मंद वाटलं, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

---

डिलाईल_रोड

सिस्टरांनी सगळं सांगितलंय, मी फक्त चाळीतलं सांगते. आमचाही संडास टोकालाच होता.

कमोडची खुर्ची घे, प्लास्टिकचं भांडं असलेली. मेडिकलवाले भाड्यानेही देतात. मोरीत ठेव, रात्री तिथेच. मला आधी घरात कसंतरी वाटलं होतं, सासूबाईंनीच आणायला लावली. सकाळी नवऱ्याने भांडं नेऊन ओतायचं, फिनेल टाकून धुवायचं, काही वास येत नाही. बाळंतपणानंतर टाके असतील तेव्हा तर हीच खुर्ची सगळ्यात जास्त उपयोगी पडते. आणि तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांनाही पुढे होईल.

जिन्याचं: बॅग आत्ताच भरून खाली तळमजल्यावर कुणाकडे तरी ठेव. फाईल मात्र पर्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. ओली झाली तर सोनोग्राफीचे फोटो एकमेकांना चिकटतात. आमच्या चाळीतल्या मुलांनी मला खुर्चीत बसवून उतरवलं होतं. त्यासाठी हातवाली लाकडी खुर्ची लागते, प्लास्टिकची वाकते. जिन्यातले बल्ब बदलून घ्या.

खूप पाऊस असेल तर हिंदमाताकडून टॅक्सी जाऊ देऊ नका, तिथे पाणी तुंबतं. तुम्हाला त्या बाजूला जायचं कारणही नाही.

ऑफिसचं: दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना बसता येतं, डॉक्टरांचा कागद जवळ ठेव. करी रोडच्या जिन्यावर गर्दीच्या वेळी मात्र जाऊच नकोस. साहेबांशी बोलून उशिरा जायचं बघ. सुट्टी २६ आठवडे मिळते, त्यातली आठपर्यंत आधी घेता येते. ३६ ला घेतलीस तर पुढे भरपूर उरते, पण थकलीस तर हट्ट करू नकोस.

---

लालबागकरीण

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. सिस्टर, तुमचं उत्तर मी आईला फोनवर शब्दन्‌शब्द वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, रक्ताचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. पोट चोळणाऱ्या बाईचा विषय तिने स्वतःच बंद केला.

आता असं ठरलंय: बाळंतपण इथेच. मामी ऑगस्टमध्ये आजीजवळ राहायला तयार झाली आहे, म्हणजे आई इकडे येऊ शकेल. पुढे बाळ दीड महिन्याचं झालं आणि गणपतीला कोकणात जाणाऱ्यांची गर्दी ओसरली की मी चिपळूणला जाणार, आजीला बाळ दाखवायला. आजीने तेवढं एकच मागितलंय.

गोळी मी रात्री दुधाबरोबर घेत होते, आजपासून लिंबू-पाणी. कमोडची खुर्ची उद्या येतेय.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. संध्याकाळी ऑफिसातून आले की पोट मधूनच दगडासारखं कडक होतं. दुखत नाही, थोड्या वेळाने आपोआप सैल पडतं. हे चालेल ना?

---

सिस्टर_निवृत्त

आईला माझा नमस्कार सांग. तिने ऐकलं, मला फार बरं वाटलं.

तसं कडक होणं या दिवसांत होतं. गर्भाशय सराव करतं. दिवसभर पाणी कमी प्यायलं, लघवी अडवून धरली, जिने चढले की जास्त होतं. घरी आलीस की आधी लघवीला जा, दोन ग्लास पाणी पी आणि डाव्या कुशीवर पड. सैल पडलं की काळजी नाही. पण पडून राहिल्यावरही तासात चार किंवा जास्त वेळा ठरावीक अंतराने व्हायला लागलं, कंबरेतून कळ आली किंवा खाली दाब वाटला, तर ३७ आठवड्यांच्या आधी ते सराव म्हणून सोडायचं नाही, सरळ वाडियात जायचं.

ऑफिसात टेबलावर पाण्याची बाटली ठेव आणि लोकलमध्ये लघवी लागेल म्हणून पाणी तोडू नकोस, निम्म्या बायका हेच करतात. ३४ व्या आठवड्याचं हिमोग्लोबिन आलं की इथे लिही, मी बघते.