मदत हवी आहे: माहितीपत्रक मिटत नाही, आज रात्री फाईल द्यायचीय

घाईत_आहे
तीन घड्यांचं माहितीपत्रक आहे. डिझाइन तीनदा तपासलंय. नमुना छापून आणला तर एक पान आत अडतं आणि पत्रकाचं पोट फुगतं. शिवाय घडीवर पांढरी रेघ. पटकन सांगा. 'जाणकाराकडून करून घ्या' नको.

कोरा_कागद
साइझ? जीएसएम, म्हणजे कागदाचं वजन? घडी आत वळते की झिगझॅग? काहीच लिहिलेलं नाहीत.

घाईत_आहे
साधंच हो, नेहमीचं असतं तसं.

शाईवाला
म्हणजे आडवा ए४ धरतो. आणि ते 'तीन घड्या' आधी सोडा. घड्या दोन, पानं तीन. छापखान्यात तीन घड्या सांगितल्यात तर चार पानं होऊन येतील, मग दुसरा धागा काढाल.

झेडप्रेमी
सरळ झेड घडी (झिगझॅग) करा! तिन्ही पानं ९९ मिमी, कुणाला कुणाच्या पोटात शिरायचं नाही. मी दुसरं काही करतच नाही.

शाईवाला
आणि हातात घेतलं की सगळं एकदम लोंबतं. मुखपृष्ठ आधी, मजकूर मग, असं हवं असेल तर आत वळणारी घडीच.

झेडप्रेमी
लोंबत नाही. नीट धरता आलं पाहिजे.

घाईत_आहे
भांडू नका हो. आतच वळतं. ए४, २५० जीएसएम, डिजिटल प्रिंट. पानं सारखी, ९९.

कोरा_कागद
मग अडणारच! आत जाणारं पान २-३ मिमी लहान हवं. बाहेरची बाजू समोर धरा: डावीकडून ९७ (आत वळणारं), १०० (मागचं), १०० (मुखपृष्ठ). आतल्या बाजूला क्रम उलटा: १००, १००, ९७. इथेच बहुतेकांचं चुकतं. कोरा कागद घ्या, घडी घाला, पेनाने आकडे टाका, मगच फाईल उघडा.

बिनकामाचा
घड्यांवरून आठवलं, मिउरा घडी बघा. समोरासमोरचे कोपरे ओढले की अख्खा कागद एका झटक्यात उघडतो. १९९५ साली जपानच्या उपग्रहात सौरपटलासाठी वापरली होती.

कोरा_कागद
यांना पत्रक वाटायचंय, अवकाशात नाही सोडायचं.

पाकीटबंद
डीएल पाकीट ११० × २२० असतं, तुमचं पत्रक आरामात बसेल.

घाईत_आहे
पाकिटाचं कुणी विचारलं? पांढऱ्या रेघेचं सांगा!

शाईवाला
टोनर (डिजिटल प्रिंटची पावडर शाई) कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसतो. २५० जीएसएम तसाच दुमडला की थर तडकतो. घडीआधी क्रीज (घडीच्या रेषेवर दाबून खाच) मारायला सांगा, आणि कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, घडीला समांतर ठेवायला. घडीवर गडद रंग असेल तर रेघ जास्तच उठून दिसते. १३० जीएसएमवर आलात तर निम्मा त्रास कमी.

चकचकीत
लॅमिनेशन करा, विषय संपला.

शाईवाला
क्रीजशिवाय लॅमिनेशन केलं तर घडी पुन्हा उघडून बसते. करून पस्तावलोय.

घाईत_आहे
कागदावर आकडे टाकून बघितले. आतल्या बाजूलाही ९७ डावीकडेच ठेवणार होतो, लाल पट्टी घडीपासून ३ मिमी सरकली असती. बदललं. १३० चालणार नाही, वरून २५० च हवाय. क्रीजचा उंचवटा कुठल्या बाजूला येऊ द्यायचा?

शाईवाला
घडीच्या आत.

झेडप्रेमी
झेडमध्ये एक आत, एक बाहेर.

घाईत_आहे
झेड नाहीये हो!!