लॉफ्टमध्ये वटवाघळं निघाली, लायसन्सशिवाय छत उघडता येतं का?

लेस्टरकर: नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ जुनं सेमी-डिटॅच्ड घर घेतलंय, आईबाबा सहा-सहा महिने येऊन राहतात म्हणून लॉफ्ट कन्व्हर्जन, म्हणजे छताखालच्या माळ्याची खोली करायचीय. परवा टॉर्च घेऊन वर चढलो तर मधल्या आढ्याखाली काळ्या लेंड्यांची सरळ रेघच पडलेली, मला वाटलं उंदीर, पण बिल्डर म्हणाला बॅट्स असणार, आता ऑक्टोबर आहे, त्या गेल्यात, कुणाला बोलू नका, आठवड्यात छत उघडून टाकतो. प्लॅनिंग परमिशन लागत नाही म्हणजे प्रश्नच नाही म्हणे. मला काही हे पटत नाहीये. कुणी यातून गेलंय का?

सर्व्हेवाली: दादा, बिल्डरला आजच थांबवा. मी इकॉलॉजी सर्व्हेचंच काम करते. वटवाघळं हजर असोत नसोत, त्यांची राहायची जागा वर्षभर संरक्षित असते, 1981 चा वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्ट आणि 2017 चे हॅबिटॅट्सचे नियम बघा. दंडाला मर्यादा नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि प्लॅनिंग परमिशन लागत नसली तरी हा कायदा लागतोच, बऱ्याच बिल्डरांना हे माहीत नसतं किंवा माहीत असून सांगत नाहीत.

आधी एक लेंडी टिश्यूत धरून चुरडा. भुगा झाला आणि किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसले तर वटवाघूळ, उंदराची कडक राहते. मग लायसन्सधारक इकॉलॉजिस्टला बोलवा, घराची पहिली पाहणी कुठल्याही महिन्यात होते. पण संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळं मोजायचा सर्व्हे मे ते सप्टेंबरमध्येच, म्हणजे तुमचं काम पुढच्या उन्हाळ्याच्या आत होणं अवघड आहे, हे आत्ताच धरून चला. वटवाघळांची जागा उघडायला लायसन्स लागतं, इंग्लंडमध्ये ते नॅचरल इंग्लंड ही सरकारी संस्था देते, स्कॉटलंड-वेल्सची ऑफिसं वेगळी.

कोकणी_माळा: आमच्या गावी वाड्याच्या माळ्यावर पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, पिढ्यानपिढ्या आहेत, कुणी हात लावत नाही. पण एवढ्याशा जिवासाठी वर्षभर घर अडवायचं हे जरा जास्त नाही का? मनापासून विचारतोय.

सर्व्हेवाली: प्रश्न रास्त आहे. पिपिस्ट्रेल ही इथली छोटी वटवाघळाची जात, जेमतेम 5 ग्रॅमची, पण मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होतं, उन्हाळ्यात कितीतरी माद्या एकाच छताखाली जमतात, ते छत चुकीच्या वेळी उघडलं तर आख्खी पिढी जाते आणि परत भरून यायला वर्षं लागतात. म्हणून लायसन्स देताना तीन गोष्टी बघतात, काम खरंच गरजेचं आहे का, दुसरा मार्ग आहे का, आणि त्या जातीची तिथली स्थिती बिघडणार नाही ना.

ब्रिस्टॉलवाले: आम्ही गेलोय यातून. आमच्याकडे मोजक्याच पिपिस्ट्रेल होत्या म्हणून लायसन्सच्या लो इम्पॅक्ट, म्हणजे कमी धक्का बसणाऱ्या कामांच्या प्रकारात बसलं. झाडाला आधी बॅट बॉक्स लावला, मग इकॉलॉजिस्टने उभं राहून कडेच्या कौलांपासून एकेक हाताने काढून घेतलं. एका कौलाखाली ती निघाली, माझ्या अंगठ्याएवढी, थरथरत होती, इकॉलॉजिस्टने ग्लोव्ह घालून अलगद उचलून बॉक्समध्ये ठेवली. माझी मुलगी खिडकीतून बघत होती, अजून आठवण काढते. आणि हो, वटवाघळं राहणार असतील तिथे छताखाली साधं 'ब्रीदेबल' मेम्ब्रेन, म्हणजे वाफ बाहेर सोडणारा कापडासारखा थर, घालू नका, त्याचे धागे सुटून त्यात ती अडकून मरतात, जुन्या पद्धतीचं बिटुमन (डांबरी) फेल्ट घाला.

लेस्टरकर: चुरडून बघितलं, भुगाच झाला, चमचम तुकडे होते. बिल्डरला काम करू नको म्हणून सांगितलंय, थोडा चिडला. आईबाबांना या वर्षी आमची खोली देतो, आम्ही हॉलमध्ये झोपू.