दहावीला गुरुत्वाकर्षण शिकवताना आइनस्टाईन कसा आणायचा?

औंढ्याचा_मास्तर: आमची शाळा औंढा नागनाथच्या जवळ, लायगो-इंडिया (गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातले तरंग, टिपणारी वेधशाळा) इकडेच होणार म्हणून पोरं सारखी विचारतात, सर त्या चार-चार किलोमीटरच्या नळ्या कशाला? पहिल्या धड्यात न्यूटन उरकतो पण पुढे गाडी अडते. लायक्राच्या कापडावर गोट्या फिरवतात ते व्हिडिओत बघितलंय, अजून काय करता येईल? लॅब म्हणजे एक कपाट आहे, बजेट समजून घ्या.

गोटीबहाद्दर: कापड कराच सर, लेगिंग्जचं मिळतं ते, पोरांनी चहूबाजूंनी ताणून धरायचं, मध्ये गोळाफेकीचा गोळा आणि कडेने गोट्या तिरक्या सोडायच्या. पण एखादी पोरगी विचारणारच की गोटी घसरते ती पृथ्वी ओढते म्हणूनच ना, मग गुरुत्वाकर्षणानेच गुरुत्वाकर्षण काय समजावताय? बरोबरच आहे तिचं! म्हणून आधी बाटली. बुडाजवळ भोक पाडा, झाकण काढा, धार लागली की गच्चीवरून सोडून द्या, खाली पडेपर्यंत धार बंद. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करा, नाहीतर कोणाचा विश्वास बसत नाही. आइनस्टाईनला 1907 मध्ये हेच सुचलं होतं, की पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही, गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढणं नसून अवकाश-काळाचं वाकणं, ही पूर्ण थिअरी व्हायला 1915 उजाडलं.

भूमितीवाली: +1, कापड शेवटी. मी त्याच्या आधी फुटबॉल घेते. मधल्या रेषेवरून दोन बारीक चिकटपट्ट्या समांतर निघतात, सुरकुती पडू न देता सरळ चिकटवत वर जायचं, वरच्या टोकाला एकमेकींवर चढतात. कोणी ओढलं त्यांना? कोणीच नाही, पृष्ठभागच वाकडा, आइनस्टाईनचं गुरुत्वाकर्षण तसंच. इथे वर्गात खरी चर्चा पेटते.

रात्रपाळी: गुरुत्वीय लहरींसाठी तेच कापड वापरा की. मार्करने मोठा गोल काढा, आत काटकोनात दोन रेघा, एकदा डावी-उजवीकडून ओढा एकदा वर-खालून. एक रेघ लांबते तेव्हा दुसरी आखडते, लायगो आपल्या काटकोनातल्या दोन नळ्यांनी हेच मोजतं. फक्त 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर सापडली तेव्हा चार किलोमीटरमागे फरक प्रोटॉनच्या (अणूच्या गाभ्यातल्या कणाच्या) रुंदीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी होता, हे सांगा आणि गप्प बसा, पोरंच बोलतील.

औंढ्याचा_मास्तर: भारी! गोळ्याने कापड फाटणार नाही ना?

गोटीबहाद्दर: मुलींचा हलका गोळा घ्या, आणि अलगद ठेवा, टाकू नका.