पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलाय, सूर्यनमस्कार बंद करायचे का?

ओसरी:
आईचं वय ५८. उजव्या अंगठ्याचा बुडाचा सांधा बरेच महिने दुखतोय, वरून हाडाचं टेंगूळ आलंय, अंगठा वर वळतच नाही, जिना चढताना आणि उकिडवं बसताना तर मस्तकात कळ जाते. सगळे म्हणाले युरिक ॲसिड, म्हणून तिने तूरडाळ सोडली, पण रिपोर्ट नॉर्मल आला. आता एक्सरेत सांध्यातली गॅप कमी दिसते, डॉक्टर म्हणाले हॅलक्स रिजिडस, म्हणजे अंगठ्याचा सांधा झिजून ताठ झालाय, गोळ्या दिल्या, पुढचं कोणी नीट सांगत नाही. तिचे रोजचे सूर्यनमस्कार बंद करायचे का? ऑपरेशनला ती घाबरते.

रानवाट:
गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारं सांध्याचं दुखणं, बहुतेक वेळा रातोरात उसळतो, सांधा लालबुंद आणि गरम, पांघरूण लागलेलंही सोसत नाही, मग काही दिवसांत उतरतो. तुम्ही लिहिलंय ते तसं नाही वाटत. पण ऐन दुखण्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, त्यामुळे असा लाल अटॅक कधी आला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

पाऊलखूण:
मी फिजिओ आहे. चालताना टाच उचलली की अंगठा वर वळावा लागतो, तिथे कूर्चा, म्हणजे सांध्यातली गुळगुळीत गादी, झिजलीय आणि वरचं वाढलेलं हाड अडतंय, म्हणून सगळी धडपड अंगठ्याला कमी वळायला लागावं यासाठी करायची. दुकानात बूट हातात घेऊन वाकवून बघा, चवड्यापाशी सहज दुमडला तर घेऊ नका. तळ कडक, पुढून वर वळलेला म्हणजे रॉकर सोल, बोटांपाशी रुंद आणि खोल, टाच उंच नको. घरातही फरशीवर अनवाणी नको, तसलीच कडक चप्पल घाला.

सूर्यनमस्कारात एक पाय मागे नेतो त्या अश्वसंचलनात मागचा अंगठा पूर्ण दुमडतो, तिथे पाऊल पालथं टेकवा, आणि पुढच्या आसनांतही दुखत असेल तर सध्या बंदच ठेवा, त्याऐवजी सायकल किंवा पोहणं चालेल. आणि कृपा करून कोणाला तो अंगठा ओढून मोकळा करू देऊ नका, सूज वाढते!

सांजवारा:
माझं ऑपरेशन झालंय. आधी नुसतं वरचं हाड तासलं, काही वर्षं बरं गेलं, नंतर सांधा कायमचा जोडून टाकला. दुखणं गेलं, मैलभर आरामात चालते, पण उकिडवं बसणं आणि उंच टाचा संपल्या. आईंना आधी बूट बदलून बघू दे, घाई नको. त्यांना शुगर आहे का?

ओसरी:
हो, गोळ्या चालू आहेत.

पाऊलखूण:
मग नवा बूट सुरुवातीला घरातच थोडा थोडा वेळ घालायचा आणि काढल्यावर टेंगळावर लाली किंवा फोड आहे का ते रोज बघायचं, शुगरमुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर फोड आलेला कळतही नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर शुगरचं आधी सांगा, काही दिवस वाढते.